‘हाउंड डॉग’ बाईनं गायचं तर कुठलं गायचं?

खानापूरची गाणारी

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, बेळगावातल्या एका ऑर्केस्ट्रात गाते. यंदा ३१ डिसेंबरला कॅम्पात, ओल्ड मॅन म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा जाळायच्या आधी, आमचा कार्यक्रम ठरलाय. आयोजकांनी जुन्या रॉक अँड रोलमधली चार-पाच गाणी मागितलीत. त्यातलं ‘हाउंड डॉग’ माझ्या वाट्याला आलंय. कीबोर्डवाल्या दादांनी एल्विस प्रेस्लीचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि सांगितलं, हे असंच्या असं बसव.

बसवायला घेतलं. सव्वादोन मिनिटांचं गाणं, चाल सोपी, दमसास लागत नाही. पण शब्द तोंडात बसेनात. एक कुत्रं सारखं रडतंय, त्यानं कधी ससा धरला नाही, म्हणून ते माझं कुणी नव्हे. एवढंच! मी हे म्हणतेय कुणाला? नाट्यपदं शिकताना आमच्या बाईंनी सवय लावली होती, तोंड उघडायच्या आधी विचारायचं: पद कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, आणि त्याच्या आधी काय घडलंय. इथं यातल्या एकाचंही उत्तर मिळेना.

शोधता शोधता अमेरिकन गायिका बिग मामा थॉर्नटन यांचं रेकॉर्डिंग सापडलं. नाव तेच, पण गाणं तेच म्हणायला जीभ धजत नाही. लय संथ, गिटार सुराला चिमटे काढत मागं मागं येतंय, आणि बाई दारात उभं राहून कुणाला तरी हाकलून देतेय. आवाज खरवडलेला, तरी सुरातून तसूभर हललेला नाही. शेवटाला तर वाजवणारेच कुत्र्यासारखे भुंकायला लागतात. मी ते किती वेळा ऐकलं त्याला हिशोब नाही.

आता दादा म्हणतात, लोकांना एल्विसच पाहिजे, नाचायला पाहिजे. मला थॉर्नटनबाईंचं गायचंय. पण मूळ कुणाचं, शब्द मध्येच कुणी बदलले, हे नीट कळल्याशिवाय दादांशी बोलणार कशी? आणि तो ठेका आमच्या ऑक्टोपॅडवाल्याला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्याला, कसा समजावू? जाणकारांनी सांगावं.

शहापूरकर

ताई, मी दादांच्या बाजूचा. एल्विसचं रेकॉर्डिंग नुसतं शब्दांसाठी ऐकू नका. डी. जे. फोंटाना दर कडव्याच्या शेवटी ड्रमवर जी फैर झाडतो ती ऐका. स्कॉटी मूरचं गिटार मध्येच कसं फुटून बाहेर येतंय ते ऐका. मी स्वतः गिटार वाजवतो, आणि ते दोन तुकडे अजून मला जसेच्या तसे निघालेले नाहीत. ३१ डिसेंबरच्या रात्री थंडीत उभ्या असलेल्या माणसाला हलवायचं असेल तर हेच गाणं पाहिजे. अर्थ शोधत बसलात तर नाचणार कोण?

रॉक अँड रोल आपल्याकडं आलं तेसुद्धा नाचायलाच आलं की. १९५७ च्या ‘आशा’मध्ये सी. रामचंद्र यांनी ‘ईना मीना डीका’ केलं. पुणतांब्याचा मराठी माणूस तो. त्या गाण्यात अर्थ कुठाय? तरी किशोरकुमार आणि आशाताई, दोघांनी वेगवेगळं गायलंय आणि दोन्ही लोकांना पाठ आहेत.

कॅम्पातला रेडिओवाला

बाळ, तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी शिकवलेल्या त्या प्रश्नानंच हे गाणं उकलतंय बघ.

कॅम्पात माझं रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं. लष्करातली माणसं, गोव्याकडची ख्रिस्ती घरं, सगळ्यांची यंत्रं माझ्याकडं यायची. दुरुस्त झालेलं यंत्र तपासायला लोक आपलीच एखादी तबकडी ठेवून जायचे. एल्विस माझ्या कानावर पडला तो तसा. थॉर्नटनबाई पुष्कळ उशिरा भेटल्या, कॅसेटच्या जमान्यात. तेव्हापासून या एका गाण्याबद्दल जे मिळेल ते वाचत आलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तारीख १३ ऑगस्ट १९५२, गाव लॉस एंजेलिस. विली मे थॉर्नटन, म्हणजेच तुझ्या बिग मामा, अलाबामातल्या एका धर्मोपदेशकाची लेक. वय पंचवीस. हार्मोनिका आणि ड्रम स्वतःच ऐकून ऐकून शिकलेली, अंगापिंडानं दणकट. गाणं लिहिणारे जेरी लीबर आणि माइक स्टोलर हे दोघं गोरे, ज्यू घरांतले, अवघे एकोणीस वर्षांचे. जॉनी ओटिस नावाच्या बँडवाल्यानं त्यांना तालमीला बोलावलं. त्यांनी बाईंना गाताना ऐकलं, आणि तिथून निघाल्यावर काही मिनिटांत हे गाणं लिहिलं. म्हणजे हे गाणं आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. बाईंना बघून, त्यांच्या आवाजाच्या मापानं ते बेतलं गेलं. ही गोष्ट तुझ्या दादांना पहिल्यांदा सांग.

लीबर-स्टोलर सांगायचे की बाईंनी आधी ते संथ भावगीतासारखं म्हटलं आणि लीबरनं त्यांना गुरगुरून गाऊन दाखवलं. बाईंचं सांगणं वेगळं होतं. दोन पोरं कागदी पिशवीवर लिहिलेलं गाणं घेऊन आली, मधलं बोलणं, ओरडणं, हाका मारणं सगळं आपलं स्वतःचं, असं त्या सांगायच्या. मला बाईंचं जास्त पटतं, कारण त्यांची बाकीची गाणी ऐकली की तेच बोलणं, तेच हाका मारणं तिथंही भेटतं. गिटारवर पीट लुईस. ड्रमवर खुद्द ओटिस, कारण तालमीत त्यानं धरलेला ठेकाच स्टुडिओत हवा होता आणि दुसऱ्या कुणाला तो जमेना.

आता तुझा प्रश्न, कोण कुणाला म्हणतंय. थॉर्नटनबाईंच्या गाण्यात कुत्रं नाहीच. तिथं पुरुष आहे. बाईच्या जिवावर खाणारा, गोड बोलून दाराशी घुटमळणारा, आणि आता तिनं ओळखलेला. ती त्याला सांगतेय की शेपूट कितीही हलव, इथून पुढं तुला या घरात घास मिळणार नाही. आधी काय घडलंय? हे सगळं सोसून झालंय. रडून झालंय. गाणं सुरू होतं ते त्याच्या नंतर, म्हणून तिच्या आवाजात रडणं नाही, निकाल आहे.

१९५३ मध्ये ह्यूस्टनच्या पीकॉक कंपनीनं ते बाजारात आणलं. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रिदम अँड ब्लूज यादीत ते सात आठवडे पहिलं होतं. बाई सांगायच्या, मला पाचशे डॉलरचा एक चेक मिळाला, नंतर काही बघितलं नाही.

लगेच जवाब आला. मेम्फिसच्या सन कंपनीत रूफस थॉमसनं ‘बेअर कॅट’ गायलं. तीच चाल, फक्त आता पुरुष बाईला सुनावतोय. कंपनीचा मालक सॅम फिलिप्स. त्यानं चाल वापरली पण परवानगी घेतली नाही. पीकॉकवाल्यांनी कोर्टात खेचलं आणि फिलिप्स हरला. याच फिलिप्सनं पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, एल्विसची पहिली तबकडी काढली.

शब्द बदलले ते मात्र एल्विसनं नव्हे, शहापूरकर. ते काम फ्रेडी बेल आणि त्याच्या बेलबॉइजचं. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टीन नावाच्या छोट्या कंपनीसाठी त्यांनी ते केलं. रेडिओवर सगळ्या घरांत चालावं म्हणून बाई आणि तिचा फुकटा पुरुष काढून टाकला, आणि रडणारं कुत्रं नि ससा आणून बसवला. ही मंडळी लास वेगासला सँड्स हॉटेलात ते गंमतीचं गाणं म्हणून वाजवायची. १९५६ च्या एप्रिल-मे मध्ये एल्विसही वेगासलाच, न्यू फ्रंटियर हॉटेलात होता. तिथल्या वयस्क श्रोत्यांना तो काही भावला नाही. पण त्यानं बेलचा कार्यक्रम बघितला आणि गाणं उचललं, शब्दांसकट. म्हणजे तुझ्याकडं आलेलं रेकॉर्डिंग मूळचं तर नाहीच, ते नकलेवरून घेतलेलं आहे.

तरीही एल्विसला मी हलकं म्हणणार नाही, आणि का ते सांगतो. ५ जून १९५६ ला त्यानं मिल्टन बर्लच्या टीव्ही कार्यक्रमात हे गायलं, शेवट संथ करून कंबर हलवली, आणि वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्लं. १ जुलैला स्टीव्ह ॲलननं त्याला आपल्या कार्यक्रमात सभ्य करायचं म्हणून लांब शेपटाचा कोट घातला आणि समोर चौथऱ्यावर एक खरंखुरं लांब कानांचं कुत्रं बसवून त्याला हे गाणं ऐकवायला लावलं. एकवीस वर्षांचा पोरगा, सगळा देश बघतोय. दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्यानं तेच गाणं तीसेक वेळा घेतलं, मनासारखं होईपर्यंत. त्या आवाजात जो राग आहे तो मला आदल्या रात्रीचा वाटतो. शब्दांत काही नाही, पण गाणाऱ्याला आपण कुणाला सुनावतोय हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते रेकॉर्डिंग अजून जिवंत आहे. शहापूरकर, तुम्हाला जी फैर आवडते तीही त्याच रागाची आहे.

मागच्या बाजूच्या ‘डोन्ट बी क्रुएल’सकट ती तबकडी अकरा आठवडे पहिल्या नंबरावर राहिली. त्याच महिन्यात स्टोलर युरोपातून परत येत होता, ‘आंद्रेआ दोरिआ’ जहाजानं. २५ जुलैच्या रात्री त्या जहाजाला दुसऱ्या जहाजानं धडक दिली आणि ते बुडालं. स्टोलर वाचून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला, तर लीबर समोर उभा, आपलं गाणं जोरात चाललंय ही बातमी घेऊन. ऐकल्यावर दोघांनाही ते फार आवडलं नाही. सशाचा त्या गाण्याशी संबंध काय, हा लीबरचा सवाल शेवटपर्यंत होता.

पुढं जिमी हेंड्रिक्सनं १९६७ मध्ये बीबीसी रेडिओसाठी ते वाजवलं, जॉन लेननने १९७२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला गायलं. ऐकायला हरकत नाही, पण तुला त्यांचा उपयोग नाही. तू थॉर्नटनबाईंचं १९६५ चं लंडनमधलं रेकॉर्डिंग ऐक, बडी गायच्या गिटारबरोबरचं. तेरा वर्षांनी तेच गाणं बाईंनी स्वतः कसं वेगळं केलंय ते बघ. आपलंच गाणं आपणच पुन्हा नव्यानं म्हणायचं म्हणजे काय, ते तिथं कळतं.

निपाणीचा ढोलकीवाला

नमस्कार अक्का. ठेक्याचं मी सांगतो.

गाणं बारा बारच्या चक्रावर आहे, ब्लूजवाल्यांचं नेहमीचं. तुमच्या भाषेत सांगायचं तर एका आवर्तनात बारा खणं, प्रत्येक खणात चार मात्रा. पहिली चार खणं षड्जाच्या कॉर्डवर, दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या, एक पंचमाचं, एक मध्यमाचं, शेवटची दोन षड्जाची. एल्विसचं यात चोख बसतंय. थॉर्नटनबाईंच्यात मात्र खणं मोजत बसलात तर कुठं कुठं चुकामूक होईल, कारण बाई बोलायला लागल्या की वाजवणारे त्यांच्यासाठी थांबतात. तेव्हा मोजू नका, बाईंच्या श्वासावर या. भजनात बुवा आलापात गेला की पखवाजी काय करतोय? तेच.

दुसरं, ऑक्टोपॅडवर रॉकचा तयार ठेका असतोय, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर दण्णकन बडवणारा. तो अजिबात नको. ओटिसचा ठेका जुन्या रुंब्याकडं, म्हणजे क्यूबाच्या नाचाच्या ठेक्याकडं, झुकणारा आहे, आठ अर्ध्या मात्रांत तीन-तीन-दोन अशी वाटणी. तोंडानं म्हणा: धा-ती-ना, धा-ती-ना, धा-ना. पहिला धा ठळक, बाकी सगळं सैल. हे ढोलकीवर फार सुंदर येतंय, कांगोवर तर त्याहून. आणि घाई नको. तुमचा वादक घाई करणार, मी आत्ताच सांगतो. रॉक म्हटलं की सगळ्यांचा हात पळतोय.

खानापूरची गाणारी

काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. काकांनी लिहिलेलं मी आमच्या कीबोर्डवाल्या दादांना वाचून दाखवलं. गाणं बाईंच्या आवाजावर बेतलं होतं, या वाक्यापाशी ते थांबले. मग म्हणाले, बरं, करून बघू, पण शेवटी एल्विस आलाच पाहिजे.

म्हणून आता असं मनात आहे. सुरुवात थॉर्नटनबाईंची, संथ, ढोलकीवर. दोन कडवी झाली की फैर, आणि तिथून दादांच्या लयीत एल्विसचं. पण माझी अडचण उरतेच. त्या दुसऱ्या भागात मी सशाचे शब्द म्हणू का? आणि काका, एक विचारते. बाईचं गाणं पुरुषानं घेतलं हेच चुकलं, असं तुमचं म्हणणं आहे का?

कॅम्पातला रेडिओवाला

नाही बाळ, ते माझं म्हणणं नाही. आपल्याला ते म्हणताच येणार नाही. बालगंधर्व पुरुषच होते, आणि ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी त्यांनी जशी गायली तशी कुणी गायली नाही. कारण ते रुक्मिणी होऊन गायचे, पदातली बाई त्यांनी पुसली नाही. बेलच्या मंडळींनी गाणं ठेवलं आणि बाई काढून टाकली. माझं दुखणं तेवढंच आहे.

आणि दुसऱ्याचं गाणं घ्यायचं कसं, हे आपल्याच तालुक्यातल्या माणसानं दाखवून ठेवलंय. सुळेभावीचे कुमार गंधर्व. बालगंधर्वांची पदं त्यांनी आपल्या पद्धतीनं गायली. कित्येक जागा वेगळ्या, श्वास वेगळा, आवाजाची जात तर संपूर्णच वेगळी. पण कार्यक्रमाला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. कुणाचं आहे ते आधी सांगितलं, आणि मग जे केलं ते आपल्या उमजेनं केलं. थॉर्नटनबाईंच्या वाट्याला हे फार थोड्यांकडून आलं. जॅनिस जॉप्लिन या गायिकेनं १९६७ मध्ये मॉंटेरेच्या संगीत महोत्सवात त्यांचं ‘बॉल अँड चेन’ गायलं, ते एक. तेही गाणं बाईंनी स्वतः लिहिलेलं. ऐकच ते. नक्कल कुठं नाही, पण बाई सगळीकडं आहेत.

बाई १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला गेल्या, त्या गरिबीत. एल्विसला रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच वर्षी, १९८६ ला, घेतलं. बाईंना घेतलं २०२४ मध्ये. हे वाचलं त्या दिवशी माझं मन कशात लागलं नव्हतं.

सशाचं विचारतेस तर माझं स्पष्ट मत: नको. लय दादांची घे, फैर घे, गिटार घे, शब्द मात्र शेवटपर्यंत बाईंचेच ठेव. जलद लयीत ते बसतात, थोडे झटकून म्हणावे लागतील एवढंच. लोकांना नाचायला काही कमी पडणार नाही. आणि गाण्याच्या आधी माइकवर बाईंचं पूर्ण नाव घे, विली मे थॉर्नटन. मग लीबर-स्टोलर, मग एल्विस. निवेदकावर सोडू नको, तूच घे.

शहापूरकर

काकांचं पटलं. बेलबॉइजचं मला ठाऊक नव्हतं, काल रात्री ऐकलं. एल्विसचा सगळा सांगाडा तिथं आहे, राग तेवढा नाही.

ताई, दोन्ही भाग एकाच पट्टीत ठेवा, मध्ये पट्टी बदलायच्या नादाला लागू नका, नाहीतर फैरीनंतर गिटारवाला चाचपडेल. थॉर्नटनबाई खालच्या आवाजातच जास्त घाबरवतात, तेव्हा तुमच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा दीड-दोन स्वर खाली धरून बघा. तुमच्याकडं गिटारवाला कमी पडत असेल तर मी येतो. पीट लुईसचं मागं मागं राहणारं वाजवणं मला जमेल असं वाटतंय.

निपाणीचा ढोलकीवाला

आणि टाळ्या मशीनवर टाकू नका अक्का. दोन्ही रेकॉर्डिंगांत टाळ्या माणसांच्या आहेत. कोरसच्या पोरींना उभ्या करा. शेवटचं भुंकणंसुद्धा त्यांनाच द्या, पण तालमीत रोज करून घ्या, नाहीतर स्टेजवर लाजतील आणि आवाज निघणार नाही.

खानापूरची गाणारी

शहापूरकर दादा, याच! रविवारी संध्याकाळी टिळकवाडीत तालीम आहे, पत्ता वेगळा कळवते. पट्टी मी काळी एकवरून खाली पांढरी सातवर आणून बघितली. पहिलं कडवं तिथं छान बसतंय. दुसऱ्यात ती जिथं त्याला दारातून परत फिरवते तिथला स्वर अजून पोटातून येत नाही, गळ्यातून येतोय. तेवढ्यावर काम चाललंय.